अठ्ठावन्न इंच

लष्कर मोहल्ल्यातल्या येसाजीरावांनी जन्मभर खुर्च्या-पलंग घडवले. म्हणून उपेंद्रसरांनी घरी बांधायला घेतलेल्या छोट्या विमानाचा लाकडी पंखा त्यांना करायला सांगितला, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागेनात. "पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर तुम्हीच," असा शब्दही सरांनी दिला होता. चार महिने खपून त्यांनी बासष्ट इंची पंखा तासला, दोन्ही पाती वजनाला अगदी सारखी केली.

आणि मग सरांचा फोन आला, "येसाजीराव, अठ्ठावन्न करा."

"सर, चार इंच गेले तर इंजिन नुसतं बोंबलत फिरेल, विमान ओढणार नाही, गोत्ता? ठाऊक आहे ना?"

"माप मी नीट घेतलंय. तुम्ही कापा."

शिकलेला माणूस, हिशेब करूनच सांगत असेल, असं मनाला समजावत येसाजीरावांनी दोन्ही टोकांना करवत लावली. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

रविवारी पंखा जुन्या चादरीत गुंडाळून ते सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी कमलिनीबाईंनी दार उघडलं आणि चादर सारून पंखा बघताच त्या हरखल्या.

"किती सुरेख! विमानाला यांनी विकतचाच बसवला हो. गेल्या महिन्यात आम्ही दोघं उडूनसुद्धा आलो."

"मग हा... अठ्ठावन्न?"



"सोफ्यामागची भिंत मोजूनच दिलं होतं की माप यांनी!"