बाद फेरी

जादा वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा धम्मदीप गोलपोस्टला धरून उभा होता. स्कोअर बरोबरीत होता, आता पेनल्टी होणार होत्या. बाकीचे खेळाडू पाणी प्यायला पळाले. तो उजवा पाय जमिनीला नुसता लावत, सावकाश निघाला.

मैदानाभोवतीच्या जाळीपलीकडे प्रीती उभी होती, त्याची बायको. या सीझनमध्ये ती पहिल्यांदाच मैदानावर आली होती.

"दाखवा," ती म्हणाली.

त्यानं गुडघ्यावरचा पट्टा खाली सरकवला. गुडघ्याची वाटी कुठे दिसतच नव्हती. नुसती लालबुंद, तुकतुकीत सूज.

"आणखी एक झटका बसला का जिने विसरा. डॉक्टर असंच बोलले ना तुम्हाले?"

"हो."

"आन् तुमचं सारं कामच जिन्याचं."

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात तो ठेकेदाराकडे होता. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या जिन्यांवर दिवसभर वर-खाली. लंगडणं दिसू नये म्हणून हल्ली तो सगळ्यांच्या मागून चढायचा.

"चंपतरावले सांगून काहून नाही देत?"

"सांगतलं."

क्वार्टर फायनलच्या आधीच त्यानं कोचला सांगितलं होतं. चंपतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाय कोणाचा नाही दुखत, बेटा? अश्विनची बोटं मोडली. दुसरा कीपर आणू कुठून? एक मॅच हरलो का तुही सुट्टी."

बाद फेरी होती. हरला तो घरी. पण टीम हरतच नव्हती. कॉलनीच्या चौकात दोन्ही हात पसरलेल्या धम्मदीपचं बॅनर लागलं होतं. पानठेल्यावर तो आला की म्हातारी माणसंही सरकून जागा द्यायची. त्यांना काय सांगणार?

प्रीतीनं जाळीत बोटं अडकवली आणि आवाज खाली आणला. "मग हरून जा ना. पेनल्टीत हरलं तर कीपरले कोणी नाव ठेवत नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. तिकडे रेफ्री शिट्टी वाजवत होता.

"येतो," तो म्हणाला.

पाच-पाच पेनल्टी होत्या. खापरखेड्याच्या पाचही मारून झाल्या, त्यांतल्या दोन चुकल्या. समोरच्या टीमचेही तीन गोल झाले आणि त्यांची एक पेनल्टी उरली. ती मारायला अमोल आला. तो कन्हानचा. धम्मदीप आणि तो लहानपणी नदीकाठच्या एकाच मैदानात खेळलेले. आता अमोल मिहानमधल्या एका कंपनीच्या टीमकडून खेळायचा.

हा गोल झाला की सामना संपणार होता. अमोल नेहमी कीपरच्या डावीकडे मारतो हे धम्मदीपला माहीत होतं. त्यानं ठरवून टाकलं. उजवीकडे पडायचं.

अमोल धावत आला. त्याचा खांदा वळला मात्र, धम्मदीपचं अंग डावीकडे झेपावलं. त्याला विचारायला थांबलंच नाही. चेंडू मुठीवर आपटून बाहेर गेला आणि त्याच क्षणी गुडघ्यात काहीतरी तटकन तुटलं. तो आवाज त्याला एकट्यालाच ऐकू आला. बाकी सगळ्या मैदानात ढोल वाजत होता.

अमोलनंच हात देऊन त्याला उठवलं. "लागलं का गा?"

"नाही," धम्मदीप म्हणाला. असं म्हणायची त्याला सवय झाली होती.

आता एकेक पेनल्टी. खापरखेड्याची आधी झाली. गोल. मग समोरच्या टीमचा एक नवखा खेळाडू चेंडू घेऊन आला. हा गोल झाला तर आणखी एक फेरी, मग आणखी एक. कधीतरी आपला कोणी चुकेल आणि सुटका होईल.

धम्मदीपनं हात खाली सोडले. रेषेवर नुसता उभा राहिला. घाल बाबा, तो मनात म्हणाला.

तो खेळाडू थांबला. असा उभा राहिलेला कीपर त्यानं पाहिला नसावा. त्यानं चेंडू उचलून पुन्हा ठेवला. कीपरकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं. मग तो धावला. चेंडू बारवरून, झाडावरून, पलीकडच्या रस्त्यावर गेला.

क्षणभर धम्मदीपला कळेना की काय झालं. मग कॉलनीतली सगळी माणसं जाळी ओलांडून त्याच्याकडे येताना दिसली.

"हलला नाही बावा! पाहिलं का?"

"डोळ्यानंच मारलं त्याले!"

चंपतराव रडत होते. त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "काय डोकं लावलं बेटा! फायनलमध्ये असाच उभा राहाजो."

त्यानं प्रीतीला शोधलं. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी धावत आत येत होते. ती जाळीपाशी तशीच उभी होती.

"चंपतराव, माह्या पायाले..." त्यानं सुरुवात केली. पण तेवढ्यात त्याचे पाय जमिनीवरून सुटले. कॉलनीतल्या एका धिप्पाड माणसानं त्याला खांद्यावर घेतलं होतं. तो पडू नये म्हणून त्यानं धम्मदीपचा उजवा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता आणि ढोलाच्या तालावर तो नाचत होता.

"उतरव गा," धम्मदीप ओरडला. "खाली उतरव मले!"

त्या माणसानं मान वर केली. आनंदानं त्याचा चेहरा घामेजला होता. त्यानं पकड आणखी घट्ट केली.

"भेऊ नका दादा," तो म्हणाला. "मी नाही सोडत तुम्हाले."