करंगळीचा खटका

"मान डोलावू नका. तोंडाने सांगा, मला टाइप करायचंय," टायपिस्ट म्हणाली.

"हो," बहीण म्हणाली. "दादानेच बनवला. माझ्यासाठी."

साक्ष नोंदवायच्या या खोलीत न्यायाधीश नव्हते, दोन्हीकडचे वकील तेवढे होते. टेबलावर व्हिडिओ गेमचे दोन कंट्रोलर होते. एक दादाचा, करडा, कडेने घासून गुळगुळीत झालेला. त्याच्या मागे चमच्याचा दांडा कापून बसवलेला एक खटका होता. दुसरा कंपनीचा, काळा, कोरा. बहिणीच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच होतं. बाकीचे लोक तीन बोटांनी जे करतात ते तिला एका करंगळीने करता यावं म्हणून दादाने हा खटका केला होता. त्याचं पेटंट त्याच्या नावावर होतं. कंपनीने तोच उचलला म्हणून त्याने खटला भरला होता, आणि खटल्यापायी नोकरी सोडली होती.

पेटंटचा नियम सरळ आहे. अर्ज करण्याच्या खूप आधी वस्तू चारचौघांत गेली असेल, तर कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही आणि पेटंट रद्द होतं. दादाने सकाळीच शपथेवर सांगितलं होतं की अर्ज होईपर्यंत हा कंट्रोलर घराबाहेर गेलाच नाही. तेव्हा बहीण बाहेर बाकावर बसली होती. "घाबरू नकोस, विचारतील तेवढंच बोल," एवढंच तो तिला म्हणाला होता. वकील शेजारीच उभा होता; जास्त सांगायचं तर खरं काय ते त्यालाही कळलं असतं.

तिने आपल्या परीने तयारी केली होती. जो आधी करतो त्याचं खरं, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"हा असा तिरका का हो, ताई?" कंपनीच्या वकीलबाईंनी करडा कंट्रोलर उचलून विचारलं.

"माझी करंगळी सांध्यात वाकडी आहे ना. सरळ खटक्यावरून घसरायची. मग दादाने पक्कडीने वाकवला. दुसऱ्या कुणी धरला तर टोचतो."

"किती जीव लावतो भाऊ!"

"मग! जेवतानासुद्धा माझ्या बोटाकडे बघत बसायचा. आई म्हणायची, अरे, भाजीकडे बघ जरा."

वकीलबाई मनापासून हसल्या. दादा हसला नाही.

"आणि हे सगळं कंपनीच्या आधी?"

"कितीतरी आधी!"

"असं तुम्ही म्हणता. घरातल्या घरात कोणीही म्हणेल, ताई. बाहेरच्या एका तरी माणसाने पाहिलाय का?"

"आक्षेप," दादाचा वकील म्हणाला.

"नोंदवून घ्या," वकीलबाई त्याच्याकडे न बघताच टायपिस्टला म्हणाल्या. "बोला, ताई."

बहीण खुर्चीत पुढे सरकली. याच प्रश्नाची ती वाट बघत होती.

"एका माणसाने? अख्ख्या दुकानाने पाहिलाय! गेमच्या दुकानात स्पर्धा होती, पाय ठेवायला जागा नव्हती. एक जण मला म्हणाला, आधी बोटं घेऊन ये, मग खेळ. फायनलला त्यालाच हरवलं. तोंड असं झालं होतं त्याचं!" तिने तोंड करून दाखवलं. टायपिस्टला हसू आवरेना. "मग सगळे हा बघायला जमले. दादाने स्क्रू काढून आतलं सगळं समजावून सांगितलं. खटका कसा, तार कुठून, सगळं."

"हे अर्जाच्या आधी की नंतर?"

"आधीच! चांगली दोन वर्षं आधी. अर्जाचं तर तेव्हा डोक्यातही नव्हतं. फोटो आहे माझ्याकडे. मी, दादा आणि कप. मागे भिंतीवर स्पर्धेची तारीखसुद्धा दिसते."

"बास," दादा म्हणाला. "गप्प बस आता."

"हे कोण बोललं?" टायपिस्टने विचारलं.

"वादी," वकीलबाईंनी सांगितलं. "लिहा. वादी म्हणाले, गप्प बस आता."

दादाच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. "मला काय सांगितलं होतंत तुम्ही?" तो हळूच म्हणाला.

"चिडतोस काय?" बहीण दादाला म्हणाली. "आपलं आधीचं आहे, हे सांगायला नको?"

"माझे प्रश्न संपले," वकीलबाई म्हणाल्या. "ताई, फार स्वच्छ बोलता तुम्ही. भावाला अशी बहीण हवी." त्यांनी काळा कंट्रोलर टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "इतक्या छान खेळता, तर आमचाही धरून बघा. सगळ्यांची तक्रार आहे, मागचा खटका टोचतो म्हणून."

बहिणीने तो हातात घेतला. न बघता तिची करंगळी मागे गेली आणि खटक्यावर बसली. घसरली नाही. तिने एकदा दाबला, पुन्हा दाबला. तिचा चेहरा उजळला.

"दादा, अरे, हा मला टोचत नाही! तसाच तिरका आहे. हा तर तुझाच आहे!"

टायपिस्टचे हात थांबले. "प्रश्न तर संपलेत. हे घ्यायचं का, मॅडम?"

"घ्या ना," वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आता काय बिघडतंय?"

टायपिस्टची दहाही बोटं पुन्हा चालू लागली.