जाळीवरचे हातमोजे

बर्फावर गुडघाभर धुकं होतं आणि कोरीनने आतली हवा ज्या कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी केली होती, त्याच्या पडद्यावर धुक्याचा मागमूसही नव्हता.

"मग शनिवारची फायनल तुझ्या कॉम्प्युटरातच खेळवू," बर्फावरच्या खेळाची ती रिंक सांभाळणारा म्हातारा ऑर्विल म्हणाला. "धुकं हटलं नाही तर मॅच पलीकडच्या गावात नेणार आहेत. त्यांच्या बर्फावर, त्यांचा आरडाओरडा ऐकत."

कोरीनने आकडे पुन्हा तपासले. कोरडी हवा आत सोडणारी जाळी एकच, स्कोअरबोर्डाच्या मागे. तिथे हवेचा दाब किती, ती किती गरम, कोणत्या दिशेने शिरते, सगळं बरोबर होतं. उरला जाळीचा अडथळा. तो तिने कारखान्याच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उचलला होता.

"ऑर्विल, तुम्ही ती जाळी पाहिलीत कधी?"

"रोज बघतो. हात लावायची छाती नाही माझी."

कोरीन शिडी चढली. जाळी दिसतच नव्हती. चौतीस ओले हातमोजे तिच्यावर दाटीवाटीने लटकत होते.

"आमचे आहेत ते!" खालून आर्डिथ ओरडली. साठीपुढच्या बायकांच्या आइस हॉकी संघाची ती कप्तान. "उबदार वारा येतो, छान सुकतात. तिथे टांगायला लागलो तेव्हापासून अकरा मॅच हरलेलो नाही. एकालाही हात लावू नकोस, पोरी."

"नाही काढले तर मॅच जाईल पलीकडे."

"आणि काढले तर इथेच हरू."

कोरीन खाली उतरली. जाळीच्या अडथळ्यात तिने चौतीस हातमोजे धरले, आणि पडद्यावर बरोबर गुडघाभर धुकं उतरलं.

आर्डिथने चष्मा पुसून पडद्याकडे टक लावून पाहिलं. "बरं, किती ठेवले तर चालतील?"

कोरीन एकेक जोडी कमी करत गेली. वीस ठेवले, धुकं घोट्याशी आलं. बारा ठेवले, तरी गोलपाशी थोडं रेंगाळलंच. दुपारी तिने सहा धरले, आणि बर्फ लख्ख झाला.

"सहा," ती म्हणाली.

आर्डिथने मागे वळून पाहिलं. दारात तिच्या सोळाजणी उभ्या होत्या, आणि एकही हसत नव्हती.

"कुणाचे सहा, तेही तुझ्या कॉम्प्युटरलाच सांगू दे," ती हळूच कोरीनला म्हणाली. "मला याच गावात राहायचंय."