अंकलचा आवाज

बेल वाजली तेव्हा अद्वैत आंघोळीला गेला होता, म्हणून दार त्याच्या बाबांनी, मधुकररावांनी उघडलं. एरवी ते दाराकडे फिरकत नसत.

"कौन है?"

दारात जयसिंग उभा होता. निशातगंज मोहल्ल्यातल्या आपल्या घरून अद्वैतची हार्ड डिस्क परत करायला आला होता. ते दोन शब्द ऐकले आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं. मग त्याला मधुकररावांच्या गळ्यावरचं पांढरं फडकं दिसलं, फडक्याखालचं भोक दिसलं, आणि हसू जागच्या जागी विझलं.

"जयसिंग, अंकल. अद्वैत का दोस्त."

केस पुसत धावत आलेला अद्वैत पॅसेजमध्येच थबकला. त्याचे कान तापले.

तो आणि जयसिंग रोज ऑनलाइन बंदुकांचा एक खेळ खेळत. त्यात मेलेली माणसं उठून अंगावर येतात. महिन्यापूर्वी अद्वैतने त्या मुडद्यांना नवा आवाज बसवला. खेळात असा आपल्या मनाचा बदल केला की त्याला मॉड म्हणतात. मुडदा आता घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारायचा, "कौन है?" गोळी लागली की म्हणायचा, "पानी दो." शेकडो पोरांनी तो मॉड उतरवून घेतला. मुडद्याचं नाव पडलं अंकल. 'अंकल को मुलेठी चटाओ,' म्हणजे घसा सुटायला ज्येष्ठमध चाटवा, हा सगळ्यात गाजलेला विनोद खुद्द अद्वैतचा. आवाज कुठला, असं कुणी विचारलं तर तो लिहायचा, नेट पे मिला.

मिळाला होता घरातच. मधुकररावांचं स्वरयंत्र काढल्यापासून हवा गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द चढवायचे, असं त्यांना पहिल्यापासून शिकावं लागत होतं. सराव रेकॉर्ड करून त्यांना ऐकवत जा, असं हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी अद्वैतला सांगितलं. तेव्हापासून ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लेकाच्या माइकसमोर बसत, रेडिओवर भाषण असल्यासारखे. अद्वैत मनाचा वाईट नव्हता. चार लोक हसले की त्याला आवरता येत नसे, एवढंच. तेवढं पुरतं.

"बैठो," मधुकरराव म्हणाले.

जयसिंग बसला.

"पानी... लोगे?"

"नहीं अंकल, अभी पीकर आया हूँ."

मधुकरराव त्याच्याकडे बघतच राहिले. आंब्याच्या रोगांवर बोलायला उभे राहिले की मलिहाबादचे बागवाले तासभर हलत नसत, असा हा माणूस. आता फोनवर तेच बागवाले दोनदा 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देत. सब्जीवाला त्यांचं बोलणं ऐकून बायकोकडे, कांचनकडे बघायचा. घरातल्या दोघांनासुद्धा दहातले चार शब्द पुन्हा विचारावे लागत. आणि हा परका पोरगा पहिल्या झटक्यात उत्तरं देत होता.

"कौन सा... साल?"

"थर्ड ईयर, अंकल. मेकैनिकल."

"कांचन!" त्यांनी हाक मारली. हाक कसली, घरघर; पण कांचन पोळी लाटता लाटता बाहेर आली. "ह्याला... सगळं... कळतं."

कांचनने जयसिंगकडे बघितलं आणि पिठाच्या हातानेच डोळे टिपले. ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांत नवरा परक्या माणसासमोर असा ताठ बसलेला तिने पाहिला नव्हता.

"जयसिंग, चल ना ऊपर," अद्वैत म्हणाला. "हार्ड डिस्क देख लेते हैं."

"थांब," बाबा म्हणाले. ते जयसिंगकडे वळले. हवा गिळली. "बेटा, तुमको... कैसे... समझ आता है?"

जयसिंगने मान वळवून अद्वैतकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यालाही शरम वाटत होती. रोज रात्री तोही हसलाच होता. अद्वैतने टॉवेलात तोंड पुसल्यासारखं केलं. आता हा सांगणार, आणि बाबा पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

"सुनने की आदत है, अंकल," जयसिंग हळूच म्हणाला.

"घर में... किसी को?"

"जी." त्याने खाली बघितलं. "ताऊजी हैं, पापा के बड़े भाई. उनका भी ऑपरेशन हुआ था."

अद्वैतने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि सोडताना स्वतःचीच किळस आली.

मधुकरराव उठले. खुंटीवरचा शर्ट काढला.

"अहो, कुठे निघालात?" कांचनने विचारलं.

"निशातगंज." त्यांनी एक बाही चढवली. थांबून हवा गिळली. "एकटा... बसत असेल. लाजत... असेल. मी बोललो... तर... तोही बोलेल."

कांचन लगबगीने त्यांचे बूट शोधायला गेली. ऑपरेशननंतर ते हॉस्पिटलखेरीज कुठेही गेले नव्हते. जयसिंग हार्ड डिस्क मांडीवर घट्ट धरून बसला होता. मधुकररावांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, तसा तो आणखी खाली वाकला.

"बाबा," अद्वैत म्हणाला. "तिथे असे कुणी ताऊजी नाहीयेत."

मधुकररावांचा हात दुसऱ्या बाहीत अर्धाच गेला होता.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं. इतका स्वच्छ शब्द सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.