कुंपणावरचं कवंडळ

१९६४चा भादवा, सोमवार, सकाळचे सात. मेहकरजवळच्या मळ्यात काटेरी कुंपणाच्या वेलावर गोजरबाईला चौथं उष्टं कवंडळ सापडलं. पिकल्या तोंडल्यासारखं लालभडक, पण जहरी.

तिचं डोकं भडकलं. पोटुशी सून आशा रोज इथूनच तोंडली तोडायची; आताही ती मागेच उभी होती.

"मरायचं हाय का व तुले? तोंडली लांबट, कवंडळ गोल. कितीदा सांगू?"

"म्या नाई खाल्लं, आत्याबाई!"

"मंग भुतानं खाल्लं? असाच घास घेतला न तू?"

रागाच्या भरात गोजरबाईने वेलावरचं ते फळ आपल्याच तोंडाशी धरून दाखवलं. तिचे दात चाव्याच्या खुणांमध्ये चपखल बसले. तिच्या पडलेल्या दाताची फटसुद्धा जुळली.

फळातून रस अजून टपकत होता.