खोक्यामागची बारीक अक्षरं

"मॅडम, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर जागेवर ठेवा," दुकानाचा मॅनेजर म्हणाला.

तिने मान वर केली नाही. ती शेवटच्या रांगेत फरशीवर चक्क मांडी ठोकून बसली होती. भोवती अकरा खोकी उभी होती. ओट्सचं दूध, तांदळाचं, काजूचं, तिळाचं, नारळाचं. सहा वाचून झाली होती. सातव्याच्या पाठीवर तिने बॅटरीचा झोत धरला होता. ती लिफ्ट दुरुस्त करायची. अंधारात तारांवरचे आकडे वाचायची तिला सवय होती, पण ही अक्षरं त्याहून बारीक होती.

"वाचतेय," ती म्हणाली. "वाचून झालं की ठेवते."

"अहो, समोर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की, दूधविरहित म्हणून."

"समोर काय, काहीही लिहितात." तिने कॉफीत घालायच्या पावडरीचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. "हे बघा. पुढे दूधविरहित, मागे सोडियम केसिनेट. ते दुधातूनच काढतात. आणि हे तांदळाचं. नाव तांदळाचं, आत जवाचा माल्ट. मला गहू चालत नाही, जवही चालत नाही."

गहू, दूध, सोया, बदाम. डॉक्टरांनी चार गोष्टींवर काट मारली होती. तिच्या वडिलांनी त्या चारींना मिळून एकच नाव ठेवलं होतं, चोचले. आत्ता ते रांगेच्या टोकाला ट्रॉली धरून उभे होते आणि या बाईशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने साबण बघत होते. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. रोज संध्याकाळी पेलाभर दूध प्यायचे. "आम्ही कधी कुरकुर केली का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तिच्या सकाळच्या कॉफीत गुपचूप साधं दूध घातलं होतं. कळलंच नाही तर होणारही नाही, असा त्यांचा होरा होता. तासाभराने ती आठव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर पोट धरून बसली होती. कामावरच्या जोडीदाराने तिला खांद्याला धरून खाली आणलं. तिने चार दिवस अंथरूण धरलं. उठली तेव्हा ती वडिलांना एवढंच म्हणाली, "आता या घरात मी पाणीसुद्धा माझ्या हाताने घेणार." आणि तसंच करत होती. आज ते स्वतःहून गाडी काढून तिला इथवर घेऊन आले होते. माफी मात्र मागितली नव्हती. ते त्यांना कधी जमलंच नव्हतं.

मॅनेजर हटेना, तसे ते पुढे आले. "चल, ऊठ. लोक बघतायत. एखादं घे आणि मोकळी हो."

"बघू देत, बाबा. मी सगळी वाचणार."

"पण थेंबभराने असं काय होतं हो?" मॅनेजरने हसून विचारलं.

आता ती उठली. आवाज चढवला नाही, पण तो पार गल्ल्यापर्यंत गेला.

"सांगते. दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात पोट ढोलासारखं फुगतं. मग आत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसा पीळ पडतो. घाम फुटतो. सरळ उभं राहता येत नाही. आणि हे सगळं होत असताना शेजारचा विचारतो, थेंबभराने असं काय होतं. आता बसू का वाचायला?"

मॅनेजरने टाय नीट केला आणि दोन पावलं मागे सरकला. ती पुन्हा बसली. आठव्यात सोया निघालं. नवव्यात बदाम. दहाव्यावर कंपनीचा नंबर होता, तिने तिथेच फोन लावला. पलीकडच्या मुलीने बराच वेळ ताटकळत ठेवून सांगितलं, ओट्स त्याच गिरणीत दळतात जिथे गहू दळतात. अकरावं नारळाचं होतं. पाणी, नारळ, मीठ. तिने पुढून वाचलं, मागून वाचलं, तळ उलटा करून बघितला. आणखी वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ते तिने ट्रॉलीत ठेवलं. मग बाकीची दहा एकेक करून फळीवर लावली. मागची बाजू पुढे करून.

"मॅडम, उलटी ठेवलीत."

"सुलटी ठेवलीयत," ती म्हणाली. "आत्तापर्यंत उलटी होती."

ती ट्रॉली ढकलायला गेली, तर ट्रॉली हलेना. वडिलांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. ते ट्रॉलीतल्या खोक्याकडे बघत होते.

"ते फडकं पिळल्यासारखं," ते हळू आवाजात म्हणाले. "अर्ध्या तासाने. इथे, बेंबीच्या खाली?"

"हो. शंभर वेळा सांगितलंय, बाबा."

"मग बाकीच्यांना काय होतं?"

"बाकीच्यांना कुणाला?"

"ज्यांना दूध चालतं, त्यांना. प्यायल्यावर."

तिला प्रश्नच कळेना. "काय व्हायचंय? काहीच होत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

वडिलांनी ट्रॉली सोडली. मग फळीकडे वळले, नारळाचं आणखी एक खोकं काढलं आणि तिच्या खोक्याशेजारी ठेवलं.

"मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखतं," ते म्हणाले. "तूच तेवढी सोसत नाहीस."