पाण्याला दिलेला वेळ

नव्या काचेच्या टाकीसमोर वडील, लेक आणि वडिलांची नवी बायको असे तिघेही अवघडून बसले होते. शेवटी नव्या बायकोनेच विचारले, "यात फायटर मासा कधी सोडायचा?"

"इतक्यात नाही." वडील टाकीतले पाणी तपासायच्या नळीतला हिरवा रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहत होते. "माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला दोन महिने तरी लागतात. पाण्याला वेळ द्यावा लागतो. घाईने आणलेला जीव तगत नाही."

त्या आवाजातली माया ऐकून लेकीला हसू आले, आणि ओठांवर येईतो ते कडू झाले.

"केवढा हा धीर, बाबा," ती म्हणाली. "दीड महिन्यापूर्वी ही टाकी आईने स्वतःच्या हातांनी भरली होती. आई गेली, या आल्या. मासा मात्र अजून यायचाच आहे."

वडिलांनी नळीला बूच लावले आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.